मोठ्या डोळ्यांचं घर

बिराजदार सरांचा एक डबा होता, त्याला आमच्या शाळेत कुणी हात लावत नसे. साधाच, स्टीलचा, कडीचा. एरवी शिक्षकांच्या खोलीत कुणाच्याही डब्यावर कुणाचाही हात पडायचा. माझी शेंगाची चटणी तर मी जेवायला बसायच्या आत निम्मी व्हायची. पण हा डबा खिडकीत एकटा असायचा, आणि एखादा नवीन शिक्षक त्याच्याकडं हात न्यायला लागला की सगळे एकदम त्याला अडवायचे. त्यात बकऱ्याचे डोळे असायचे.

सर लिंगायत. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि अंड्याची गाडी दिसली तर रस्ता ओलांडून पलीकडनं जाणारा माणूस. पण दहावीच्या विज्ञानात डोळ्याचा धडा आला की, पोरांना कापून दाखवायला म्हणून, सकाळी विजापूर वेशीतल्या शब्बीरभाईंच्या मटणाच्या दुकानापुढं रांगेत उभे राहायचे. शब्बीरभाई ओरडून विचारायचे, “सर, आँखां निकालके रखा हूँ. पन सच्ची बोलो, खाते नै ना तुम?” हे सर आम्हाला स्वतःच सांगायचे आणि पोट धरून हसायचे. वैनी तो डबा स्वयंपाकघरात येऊ देत नसत. तो न्हाणीतल्या खिळ्याला, आणि त्या दिवशी सरांनाही परत अंघोळ केल्याशिवाय घरात प्रवेश नाही.

मी मराठी शिकवायचे. माझा वर्ग सरांच्या वर्गाला लागून, मधली भिंत नावाला. त्यामुळं दरवर्षी त्या तासाला माझी कविता बोंबलायची आणि माझी पोरं भिंतीला कान लावायची. शेवटी मीही नाद सोडला. त्यांचं ते बोलणं मला तोंडपाठ झालं होतं.

“डोळा म्हणजे काय बे? पाण्याची टाकी. आत नळ हाय, बाहेर मोरी हाय. पुढचं पारपटल आणि ही रंगीत परितारिका, दोन्ही जिथं भेटतात त्या कोपऱ्यात बारीक जाळी असती. तिच्यातनं पाणी निचरतंय. आपल्या सोलापूरच्या नळाला चार दिवसांनी पाणी येतंय, डोळ्याचा नळ मात्र कधी बंद होत नाही. मग मोरी तुंबली तर काय होतंय?”

“पाणी घरात येतंय सर!”

“तसंच. आतला दाब वाढतोय आणि मागची नस मरती. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेचं दिसायचं कमी होतंय, आणि माणूस म्हणतोय, मला तर झकास दिसतंय की. याचं नाव काचबिंदू. मोतीबिंदूत गेलेलं दिसणं परत येतंय. यात गेलं ते गेलं.”

मग खिशातनं फुगा निघायचा. “मोठ्या माणसाचा डोळा जाड कातड्याचा, तो फुगत नाही. तान्ह्या बाळाचा मऊ असतोय. त्याची मोरी तुंबली तर तो असा फुगतोय.” सर फुगा फुगवायचे, सोडून द्यायचे, तो वर्गभर फुर्रकन फिरायचा आणि पोरं बाकांवर उड्या मारायची. माझ्याही वर्गातली पोरं हसायची, फुगा न बघताच.

माणूस मोठा चिकट होता. कुणाच्या आईचा, बापाचा डोळा गेला असं कानावर आलं की त्याच्या मागं लागायचा. “नाक बापाचं आलं म्हणून मिरवता, तसं बाकीचंही येतंय की. काचबिंदू घरात असला तर लेकराबाळांनी, भावाबहिणींनी सगळ्यांनी तपासायचं. चष्म्याच्या दुकानात नव्हे, दाब बघणाऱ्या डॉक्टरकडं.” माझ्या वडिलांचा एक डोळा काचबिंदूनं गेलेला. हे मी बोलता बोलता एकदा सांगून बसले आणि पस्तावले. रोज खोलीत शिरलं की पहिला प्रश्न, “बाई, गेलात का?” मी तोंडाची फटकळ. एकदा म्हणाले, “सर, माझ्या डोळ्यांची एवढी काळजी माझ्या नवऱ्यालाही नाही.” सर म्हणाले, “त्यांना कुठं ठाऊक हाय जाळीचं?” शेवटी त्यांचं तोंड बंद करायला म्हणून गेले, तर दोन्ही डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. तेव्हापासून थेंब घालते. आज हे लिहितेय ते त्यांच्या चिकटपणामुळं.

सरांचं गाव अक्कलकोटच्या पलीकडं, घरात कानडी. आई लवकर गेली. थोरल्या बहिणीनं, गौराअक्कानं, त्यांना कडेवर वाढवलं; पुढं तिला गावातच दिली. त्या घराला गावात ‘मोठ्या डोळ्यांचं घर’ म्हणत. खरंच, सरांचे डोळे टपोरे, अक्काचे तर त्याहून. आणि सर ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचे तो त्यांचा चुलता काकप्पा, लहानपणापासून आंधळा. घरात सांगत, तान्हेपणी देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. काकप्पा मठात पेटी वाजवायचा. त्याला हाताला धरून मठात न्यायचं, आणायचं काम लहानग्या बिराजदारांचं. “त्याच्यामुळं तर मी डोळ्याच्या नादी लागलो, बाई,” असं म्हणायचे. वाटेत काकप्पा विचारायचा, आज ऊन कसलं हाय रे, पिवळं का पांढरं? आणि सर त्याला काहीतरी बनवून सांगायचे.

त्यांच्याकडं मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा. सरांची थोरली रूपा जन्मली तेव्हा अक्कानं पाळण्यातच खण ठेवून आपल्या थोरल्या मल्लूसाठी मागणी घातली होती. धाकटी शिल्पा झाली तेव्हा धाकट्या शिवूसाठी. रूपाच्या लग्नाला आम्ही सगळे शिक्षक गेलो होतो, गव्हाची गोड हुग्गी खाऊन सुस्तावलो होतो. मी सरांना चिडवलं, “वर्गात वाटाण्याचे प्रयोग शिकवता, आनुवंशिकता आनुवंशिकता म्हणून घसा कोरडा करता, आणि घरातली मुलगी घरातच?” सर हसले. म्हणाले, “बाई, माझी पोरगी परक्याकडं नाही गेली. जिनं मला वाढवलं तिच्या पदराखाली गेली. ह्याच्यापेक्षा चांगलं स्थळ कुठं मिळतंय?” आमच्या गावाकडंही अशी लग्नं होतात. मीही विषय सोडून अजून एक वाटी हुग्गी घेतली.

रूपाला मुलगी झाली. बारशाला अक्कानंच नाव सुचवलं, नयना. कारण डोळे. काय डोळे होते त्या लेकराचे! मोठे, काळे, पाण्यानं भरलेले, निम्मं तोंड डोळ्यांनीच व्यापलेलं. सर मोबाइलवरचे फोटो अख्ख्या शाळेला दाखवत हिंडायचे. मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळे म्हणाले, केवढे मोठे डोळे. अक्का सगळ्या गावाला सांगायची, आमच्या घराण्याचे डोळे आले म्हणून. बायका नुसत्या बघायला यायच्या आणि त्या गेल्या की अक्का मीठमोहऱ्या ओवाळून टाकायची. गालाला तीट, तळपायाला तीट, डोळ्यांत काजळ.

पोर उन्हात नेली की आईच्या खांद्यात तोंड खुपसायची. डोळ्यांतनं सारखं पाणी. पण सोलापूरचं ऊन ते. तिथं मोठी माणसं डोळे मिटतात, तान्ह्या लेकराचं काय? अक्का म्हणायची, दृष्ट लागली. सर म्हणायचे, “डोळ्यातनं नाकात जाणारी नळी चोंदलेली असणार. लहान लेकरांत असतंय तसं. नाकाच्या कडेला मालिश करा, वर्षात उघडतंय.” रूपा बिचारी रोज मालिश करायची. पोर सात-आठ महिन्यांची झाली.

त्या वर्षीही डोळ्याचा धडा आला. डबा आला, खिडकीत बसला. मी शेजारच्या वर्गात फळ्यावर समास लिहीत होते. भिंतीपलीकडनं नळ आला, मोरी आली, पोरं ओरडली. मग फुगा. “मोठ्या माणसाचा डोळा जाड कातड्याचा, तो फुगत नाही. तान्ह्या बाळाचा मऊ असतोय. त्याची मोरी तुंबली तर तो—”

पुढचं आलं नाही. हसू आलं नाही, फुर्र आवाज आला नाही. माझ्या वर्गातली पोरं भिंतीकडं बघायला लागली. मी दाराशी गेले तर सर बाहेर आलेले. हातात अर्धा फुगवलेला फुगा, त्याचं तोंड बोटांनी धरलेलं. ते माझ्याकडं बघत होते, पण मी त्यांना दिसत नव्हते.

“बाई, वर्ग बघता का जरा? मी गावाकडं जाऊन येतो.”

“आत्ता? काय झालं सर?”

“नयनाचे डोळे मोठे नाहीत, बाई,” ते म्हणाले. “फुगलेत.”

आणि जिना उतरून गेले. मी त्यांच्या वर्गात गेले. टेबलावर ताटलीत ते डोळे पडले होते, एक कापलेला, बाकीचे आमच्याकडं बघत. मी त्यांवर वर्तमानपत्र टाकलं आणि पोरांना म्हणाले, पुस्तक काढा. कुठलं ते मला सुचलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

हैदराबादला नेलं. जन्मजात काचबिंदू. उन्हात डोळे मिटणं, सारखं पाणी येणं, ही त्याचीच खूण होती. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. उजव्यातली नस मरून गेलेली होती, डाव्यात थोडं वाचलं. आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते म्हणाले नसते तरी सरांना ठाऊक होतं. मग डॉक्टरांनी विचारलं, आईबाप नात्यातले आहेत का? घराण्यात कुणी लहानपणापासून आंधळं होतं का?

सर परत आले तेव्हा दाढी वाढलेली, कपाळावर विभूती नाही. शाळेच्या मागच्या पायरीवर बसून मला म्हणाले, “बाई, देवी आलेल्या माणसाच्या तोंडावर व्रण असतात. काकप्पाचं तोंड नितळ होतं. रोज बघायचो की मी ते तोंड. हाताला धरून न्यायचो. एक व्रण नव्हता बाई, आणि मला कधी प्रश्न पडला नाही.” मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. माझ्यामागं वर्षभर लागणाऱ्या माणसाला स्वतःच्या नातीचे डोळे दिसू नयेत? पण त्या पायरीवर तो राग टिकला नाही.

शिल्पा तोवर लग्नाची झालेली. अक्का सुपारी फोडायला आली, शिवूला घेऊन. मला वैनींनी मुद्दाम बोलावलं होतं, सर काहीतरी बोलणार म्हणून त्यांना धास्ती. चहा झाला, ताट मांडलं, आणि सर म्हणाले, “अक्का, आधी शिवूचं आणि शिल्पाचं रक्त तपासू. हैदराबादला होतंय. दोघांतही तो दोष लपलेला असला तर हे लग्न नको.”

अक्काला आधी कळलंच नाही. सरांनी समजावलं. काकप्पाचा दोष आपल्या बापात लपून होता, तिथनं तुझ्यात-माझ्यात आला, तुझ्यातनं मल्लूत, माझ्यातनं रूपात. लपलेला असतोय तोवर एकटा काही करत नाही. दोन्हीकडनं येऊन एका लेकरात भेटला की डोळे जातात. अशा जोडप्याच्या प्रत्येक लेकराला चारातला एक धोका.

“आरं, वाटान्याच्या गोष्टी सांगतोस व्हय मला?” अक्का म्हणाली. “माज्या पोराचं रगत तपासणार? बाजारातला बैल हाय का त्यो? तुज्या पोरीचं रगत चांगलं आन माज्या पोराचं नासकं?”

“अक्का, तुझं-माझं रगत एकच हाय. म्हणून तर म्हणतोय.”

“तुला मी कडंवर घिऊन वाढवला. मी उपाशी ऱ्हायली आन तुला घातलं. माज्या दारातनं पोरगी परत नेतोस?”

“नेतोय,” सर म्हणाले. शिवू खाली मान घालून बसला होता, शिल्पा आत रडत होती, आणि वैनी माझा हात दाबून धरत होत्या, जसं काही मी हे थांबवू शकले असते. अक्कानं समोरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. उंबऱ्यात थांबून एवढंच बोलली, “आता तुजी रूपा बी तुज्या दारात येनार न्हाय. बगत बस.”

आणि तसंच झालं. रूपाला माहेर तुटलं. नयनाच्या डोळ्यांत रोज थेंब घालायचे असतात, दर काही महिन्यांनी दाब बघायचा असतो. सर रविवारी एसटीनं गावाला जायचे, बहिणीच्या घरात पाऊल न टाकता मठाच्या कट्ट्यावर बसायचे. मल्लू पोरीला तिथं आणायचा. सर तिचा डोळा बघायचे, बाटलीत औषध किती उरलंय बघायचे, हैदराबादला जायची तारीख ठरवायचे. काकप्पाला हाताला धरून ज्या मठात नेलं, त्याच मठात. अक्का घरातनं बघत असणार. कधी बाहेर आली नाही.

शाळेत डबा यायचा बंद झाला. पोरं हिरमुसायची, वरच्या वर्गातल्यांकडनं ऐकलेलं असायचं. सर तक्त्यावरनं डोळा शिकवायचे आणि शेवटी म्हणायचे, “आज घरी जाऊन विचारा, आपल्या घरात आंधळं कोण होतं. देवीनं गेलं असं कुणी म्हणालं तर विचारा, तोंडावर व्रण होते का.” एका पालकानं येऊन तक्रार केली, की मास्तर लेकरांना भलतंसलतं विचारायला लावतात, पुढं लग्नं कशी जमायची? सर ऐकून घेत उभे राहिले. मग म्हणाले, “माझ्या घरात हाय, म्हणून सांगतोय. तुमच्यात नसेल तर चांगलंच हाय की.” शिल्पाला बघायला येणाऱ्यांनाही ते हे पहिल्याच भेटीत सांगायचे. दोन स्थळं त्यावर उठून गेली. वैनी त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हत्या.

मी निवृत्त झाले आणि मुलाकडं पुण्याला जायचं ठरलं. निघायच्या आधी सरांच्या घरी गेले. सकाळचं कोवळं ऊन होतं, सर ओट्यावर पेपर घेऊन बसलेले. इकडतिकडचं बोलत होतो. रूपाला दुसरं झालं, मुलगा, हे त्यांना मल्लूकडनं कळलं होतं. दिवस गेल्याचं ऐकल्यापासून ते निरोपावर निरोप पाठवत होते, जन्मल्याबरोबर दाखवा. उत्तर नव्हतं. हे सांगताना ते पेपरच्या घड्या घालत होते, उलगडत होते.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. आतनं आधी अक्का उतरली, छातीशी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. मागनं रूपा. मग नयना, काळा चष्मा लावलेली, एका हातानं आईचं लुगडं आणि दुसऱ्यानं भिंत चाचपत. अक्का म्हातारी झाली होती. ओट्यापाशी येऊन उभी राहिली, वर चढली नाही. बाळाच्या तोंडावरचं दुपटं बाजूला केलं आणि ते धाकट्या भावापुढं, तिच्या तम्मापुढं, धरलं.

“बग रे तम्मा,” ती म्हणाली. “मोठे हायत का?”

सर उठले. हात पुढं केले आणि मागं घेतले. वाकून बघितलं. परत बघितलं. अख्खं आयुष्य डोळा शिकवण्यात घालवलेला तो माणूस त्या बाळापुढं नुसता उभा होता.

“मला कळत नाही, अक्का,” ते म्हणाले. “मला तवा बी कळलं नव्हतं.”

नयनानं भिंतीवरचा हात काढून आवाजाच्या दिशेनं केला आणि सरांचा शर्ट धरला. “अज्जा,” ती म्हणाली, “बाळाला पन थेंब घालायचे?”

अक्का मटकन ओट्यावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. सरांनी बाळ तिच्या हातातनं घेतलं. “चल,” ते म्हणाले. “दवाखान्यात. आत्ता.”

बाळाचे डोळे चांगले निघाले. वैनींनी फोनवर सांगितलं, पण तपासत राहायचं आहे. त्यानंतर माझं सोलापूरला जाणं झालं नाही. मला सर आठवतात ते त्या रिक्षातले. मधे अक्का, एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला रूपाच्या मांडीवर नयना, आणि बाळ परत अक्काच्या कुशीत. ऊन थेट आत येत होतं. अक्कानं सवयीनं बाळाच्या तोंडावर पदर ओढला, आणि सरांनी तो हळूच बाजूला केला.

“ऊन लागंल की रे त्याला,” अक्का म्हणाली.

“लागू दे,” सर म्हणाले. “डोळे मिटतंय का बघू.”

रिक्षा वळेपर्यंत ती दोन म्हातारी डोकी त्या बाळावर वाकलेली मला दिसत होती.